वाढत्या अंगाची खुर्ची

“पोरगी देत नाय असं मी म्हणत नाय, मामा. तुमच्या गाडीत देत नाय, असं म्हणतोय.”

“गाडी नीट करून आणलीय. पुढचा सगळा पत्रा नवा हाय.”

“पत्रा नवा केलात. पण पोरीला बसवणार कुठं? पुन्हा कुणाच्या तरी मांडीवरच ना?”

“मग काय टपावर बांधू?”

“बांधाच. पण खुर्चीत बांधा. ल्हान पोरांची गाडीतली खुर्ची मिळते, पट्ट्यांची. ती आणा, गाडीत बसवा, मला दाखवा. मग मालूला न्या, चार दिवस ठेवा, मी अडवणार नाय. तोवर मात्र नाय.”

हे भांडण हौसानं ऐकलं ते रोह्याला, जावयाच्या घरामागं, धुण्याच्या दगडावर. हातात नातीचं दुपटं होतं. त्यातलं पाणी केव्हाच संपलं होतं, तरी ती पिळतच राहिली. भांडण आणखी वाढलं असतं, पण आत पुंडलिक, तिचा नवरा, एकदम म्हणाला, “ती माझीपण लेक होती रे, जनू.” कुकरची शिट्टी झाली, विहीणबाई काशीबाईंनी गॅस बारीक केला, आणि भांडण तिथं थांबलं. मिटलं म्हणता येणार नाही. थांबलं.

ही लेक म्हणजे सगुणा. पुंडलिक-हौसाची एकुलती एक. पेणेला लागून असलेल्या रामवाडीत वाढली, पेणेत शिकली, आणि रोह्याच्या जनार्दनला दिली. जनार्दन धाटावच्या एका कंपनीत शिफ्टवर जायचा. मुलगी झाली तेव्हा सगुणानं आवडीनं नाव ठेवलं, मृण्मयी. पुंडलिकच्या जिभेला ते काही पेललं नाही. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा आपल्या आईचं नाव देऊन मोकळा झाला: मालू. पुढं सगळेच मालू म्हणायला लागले, जनार्दनसुद्धा.

मालू रांगायला लागली त्या वर्षी सगुणा माहेरपणाला आली होती. परत रोह्याला सोडायला पुंडलिकच निघाला, आपल्या पांढऱ्या व्हॅनमधून. सगुणा पुढं, बापाच्या शेजारी, मांडीवर मालू. वडखळच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, गाड्या एका अंगानं वळवलेल्या. समोरून डंपर आला. पुंडलिकनं गाडी बाहेर काढली, पण पुरती निघाली नाही. सगुणानं तेवढ्यात एकच केलं, लेकरावर वाकली. मालूला ओरखडासुद्धा आला नाही.

पुंडलिकचा हात मोडला होता, तो जुळून आला. बाकीचं जुळायला ते काय हाड थोडंच होतं.

पुंडलिक कोण, हे पेणेत कुणाला सांगावं लागायचं नाही. त्याच्या बापाचे पाय मिठागरात फाटून गेलेले. त्यानं पोराला सांगितलं, मिठात उतरू नको, तेवढं एक ऐक. पोरानं तेवढं एकच ऐकलं आणि गाडीवर बसला. एरवी लग्नाची, दवाखान्याची भाडी मारायचा. गणपतीचे दिवस जवळ आले की मागची सीट काढून ठेवायचा आणि कारखान्यांतल्या मूर्ती घरोघरी पोचवायचा, नागोठण्याला, रोह्याला, भिसे खिंडीच्या आसपासच्या गावांना. खाली पेंढा, बाजूला पेंढा, पाटाला दोरी. मूर्ती इतकी घट्ट की खड्ड्यात गाडी हलेल, पण देव हलायचा नाही. त्याच्या गाडीतून गेलेल्या गणपतीचं बोटही कधी दुखावलं नव्हतं. हे कौतुक आधी तो मिशीत हसून ऐकून घ्यायचा. सगुणा गेल्यावर कुणी तोंडातून काढलं की उठून चालायला लागायचा.

एकदाच हौसापाशी बोलला. “मातीच्या मूर्तीला जन्मभर दोरी लावली मी. पोटच्या पोरीला पट्टा नाय लावला.”

पट्टे गाडीला होते. पुढचा लोंबत असायचा, कुणी ओढायचं नाही. मागचे भाड्याच्या माणसांना टोचायचे, म्हणून त्यानंच सीटच्या कव्हराखाली दाबून टाकलेले. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कव्हर उसवलं आणि ते बाहेर ओढले. कोरे करकरीत होते. घडी पडलेली, ती हातानं दाबूनही मोडेना.

पण खुर्ची आणायची कुठून? पेणेत सीटकव्हरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, “न्हाव्याकडं पोरांना बसवायची फळी असते, तसली का?” गॅरेजवाला हसला. “अरे पुंडलिक, आपण सगळे मांडीवर बसूनच मोठे झालो ना?” पुंडलिक त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढला नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं, पनवेलला मिळेल, लहान पोरांच्या सामानाचं मोठं दुकान आहे. तोवर पाऊस गेला, गणपती गेले, दिवाळीही होऊन गेली.

एवढ्या काळात तो रोह्याला गेला नाही. जनार्दननं भेटीला बंदी घातली नव्हती. हौसा रेल्वेनं जायची, दिवसभर नातीशी खेळायची, संध्याकाळी परत. नवऱ्याला म्हणायची, चला की. तो म्हणायचा, “खुर्ची घेऊनच दारात उभा ऱ्हाईन. रिकामा नाय.”

हौसा येऊन सांगायची, मालूला दात आले. मालू धरून उभी राहते. मालू चालते, काशीबाईंचा पदर धरून. तो म्हणायचा, “बरं.” हे बोलणं त्याच्या कानाच्या आत जात नव्हतं, हे हौसाला फार उशिरा कळलं.

पनवेलच्या दुकानात खुर्च्याच खुर्च्या मांडलेल्या. विकणारी पोरगी गोड होती. तिनं विचारलं, “बाळ केवढं आहे, आजोबा?”

“रांगतंय.”

हौसा म्हणाली, “अवो, चालते ती आता.”

“चालू दे. बसली की तेवढीच ना?”

“वजन किती असेल?” पोरीनं विचारलं.

पुंडलिकनं डावा हात पुढं केला, कोपरात दुमडला, आणि उजव्या हातानं कोपरापासून बोटांपर्यंत दाखवलं. “हातावर घेतली की एवढी भरते. डोकं इथं, टाचा इथं.”

पोरीनं त्या रिकाम्या हाताकडं पाहिलं. मग हौसाकडं पाहिलं. म्हणाली, “आजोबा, थोडी मोठी बघूया. वाढत्या अंगाची. कपडे घेतो ना आपण, तशी.”

“झबलं नाय घेत मी, बाय. झबलं ढगळ असलं तर चालतं. ही ढगळ असली तर पोर हलेल. हललं की मोडलं, एवढं मला कळतं.”

आता इथं पेणेची रीत सांगायला पाहिजे, म्हणजे त्याला कुणी येडा म्हणणार नाही. आमच्याकडं घरचा गणपती दरसाल नवा येतो, पण तेवढाच येतो. उन्हाळ्यात आपला पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्या पाटावर मावेल तेवढी मूर्ती. आज्याच्या वेळी जेवढी, नातवाच्या वेळीही तेवढीच. देव वाढवायचा नाही. पुंडलिकनं जन्मभर ज्यांना जपून नेलं, त्यांच्यात वाढणारं कुणी नव्हतंच. माप एकदा घेतलं की घेतलं. दुसऱ्यांदा घ्यायची त्याच्यावर कधी पाळीच आली नव्हती.

तान्ह्या बाळाची, टोपलीसारखी खुर्ची त्यानं घेतली. येताना ती मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधली आणि आरशातून सारखा तिच्याकडं बघत राहिला. हौसा म्हणाली, “समोर बघा. तिच्यात अजून कुणी नाय.”

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तो रोह्याला गेला. जनार्दनची सुट्टी होती. गाडीचा आवाज ऐकून घरातून एक पोर धावत बाहेर आली. कुरळे केस, एका पायात चप्पल, हातात अर्धी चपाती. पायरीवर थांबली आणि या म्हाताऱ्याकडं टकामका बघायला लागली.

पुंडलिकनं तिच्या डोक्यावरून आत घरात पाहिलं. “मालू कुठाय?”

काशीबाई दारातच होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. जनार्दन म्हणाला, “मामा, हीच मालू.”

तरी बिचाऱ्यानं करून बघितलं. उचलली, आणि खुर्चीत बसवली. मालूचे गुडघे हनुवटीला लागले, डोकं खुर्चीच्या वर निघालं, पट्टा पोटावरून बकलापर्यंत येईना. पुंडलिक ओढत राहिला. पोर रडायला लागली, तरी त्याचा हात थांबेना. “बसेल, बसेल. माप बरोबर हाय. मी घेतलंय माप.”

जनार्दननं पोरीला काढून घेतलं. चिडला नाही. हळूच म्हणाला, “मामा, माप तुम्ही बरोबरच घेतलंय. पण त्या दिवशीचं घेतलंय.”

पुंडलिक पायरीवर बसला. हौसानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला तो त्याला कळलाही नाही. तो मालूकडं बघत होता, पायापासून डोक्यापर्यंत, पुन्हा डोक्यापासून पायापर्यंत. सगुणाला जाऊन इतके दिवस झाले, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं थोडंच. पण ते पटवलं त्या पोरीच्या उंचीनं. दिवसकार्याला रडला नव्हता तो त्या पायरीवर रडला, जावयाच्या दारात, विहिणीच्या देखत. मालूनं आपलं रडणं थांबवून त्याच्याकडं पाहिलं, आणि हातातली चपाती पुढं केली.

जनार्दन आत गेला, पाणी घेऊन आला. तोही काही दगड नव्हता. कंपनीत त्याला कमरेला पट्टा बांधल्याशिवाय शिडीवर चढू देत नसत. रोज तो पट्टा बांधताना त्याच्या मनात काय येत असेल, ते त्यालाच माहीत. तांब्या सासऱ्याच्या हातात देत तो म्हणाला, “पुढल्या रविवारी पनवेलला या. मी पोरीला घेऊन येतो. खुर्ची तिला बसवून घेऊ.”

“येतो की न्यायला.”

“नाय. आम्ही रेल्वेनं येतो.”

मग ती वरातच म्हणायची. आजा-आजी रस्त्यानं, बाप-लेक रुळावरून, आणि भेट पनवेलच्या दुकानात. पुंडलिक दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा. विकणारी पोरगी तीच होती. तिनं मालूला पाहिलं, पुंडलिकचा हात आठवला असेल तिला, पण शहाणी पोर. टोपली मुकाट्यानं परत घेतली.

मालूला आवडली ती गुलाबी, वर माकड लोंबणारी. तिच्यात बसून उतरायलाच तयार नाही. काशीबाई बरोबर आल्या असत्या तर त्यांनी तीच घेऊन दिली असती. जनार्दननं पुठ्ठ्यावरचं वाचून पाहिलं. “ही दोन वर्षांत संपते.” पुंडलिकनं तिचा पट्टा मुठीत धरून हिसडा दिला. माकड तुटून त्याच्या हातात आलं. हौसाला त्या दुकानात हसू फुटलं, आणि मग लाज वाटली, की सगुणा नसताना आपण हसलो.

दुसरी होती राखाडी, दगडासारखी जड, दिसायला अगदी करंटी. पण तिच्या डोक्यामागची उशी मागून दाबलं की खट् करून वर चढायची. पोर वाढेल तशी उशी वर, पट्टे वर. सात-आठ वर्षांची होईपर्यंत चालेल, असं पोरगी म्हणाली. जनार्दननं एका बाजूनं हिसडा दिला, पुंडलिकनं दुसऱ्या बाजूनं. खुर्ची जागची हलली नाही. सासरा-जावयानं एकमेकांकडं पाहिलं. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

मालू गुलाबीसाठी रडून रडून राखाडीत झोपी गेली. ती झोपलेली असताना पुंडलिकनं शेजारची तसलीच रिकामी खुर्ची ओढली आणि तिची उशी एकेक करून पार वरपर्यंत नेली. खट्, खट्, खट्. मग मागं सरून त्या उंचीकडं बघत राहिला.

“एवढी होईल ती?”

“बघता बघता होईल, आजोबा,” पोरगी म्हणाली.

“आई एवढीच होती तिची, शाळेत घातली तेव्हा.” आणि उशी परत खाली केली.

परतताना मालू अपघातानंतर पहिल्यांदाच व्हॅनमधून निघाली. एका बाजूला जनार्दन, दुसऱ्या बाजूला हौसा. पुंडलिकनं गाडी अशी चालवली की मागून एसटीच्या ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, “मिरवणूक हाय का काय?” वडखळ मागं पडेपर्यंत हौसानं खुर्चीची कड सोडली नाही. मालू मात्र घोरत होती.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. एक रविवार सोडून एक रविवार पुंडलिक मालूला पेणेला आणायचा, संध्याकाळी सोडायचा. हौसा मागं नातीच्या शेजारी बसून जायची-यायची. मोठ्या माणसांनाही पट्टा लावल्याशिवाय गाडी हलवायचा नाही. पुढं शेजारी मात्र कुणाला बसू द्यायचा नाही, सीट मोडलीय म्हणायचा. सीट काही मोडलेली नव्हती.

आणि माप. आता दर खेपेला माप. मालू आली की आधी खुर्चीत बसवून खांदे बघायचा, पट्टा कुठं येतो ते बघायचा. उशी वर करायची वेळ आली की करायचा, आणि त्या दिवशी फारसा जेवायचा नाही. हौसाला आधी वाटायचं, पोर वाढतेय तर माणसानं हसावं. मग तिला उमगलं. तिलाही तसंच व्हायचं. पोरीचा प्रत्येक नवा फ्रॉक सगुणानं न बघितलेला असायचा.

मालू बडबडी निघाली. पाचेक वर्षांची असेल, एकदा वडखळच्या पुढं मागून म्हणाली, “आजा, माझी आई तुझ्या गाडीत कुठं बसायची?”

हौसानं तिला चिमटा काढायला हात नेला. पण पुंडलिक बोलला. “पुढं. इथं, शेजारी.”

“खुर्चीत?”

“नाय बाय. मोठ्यांना खुर्ची नसते.”

“मग पट्टा लावून?”

पुंडलिकनं गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. “नाय लावला. मी लाव म्हणलो नाय. आजाची चूक.”

मालूनं जरा विचार केला. बालवाडीत जायची ती. तिथं चूक झाली की काय करायचं ते शिकवलेलं होतं. “मग सॉरी म्हण.”

“म्हणू?”

“म्हण ना. मोठ्यानं म्हणायचं.”

पुंडलिकचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. समोर काचेतून बघत तो म्हणाला, “सॉरी, सगू.” हौसा खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर खाजणात भरतीचं खारं पाणी होतं, त्यात एक बगळा. बगळा उडाला, तरी ती तिथंच बघत राहिली. “आता चल,” मालू म्हणाली, आणि गाडी निघाली.

जनार्दननं दुसरं लग्न केलं ते काशीबाईंच्या आग्रहानं. बायको शांती, हळू बोलायची, मालूची वेणी घालताना ओढायची नाही. हौसानं पहिल्या भेटीतच मालूची वेणी बघून तिला पास केलं. मग जनार्दनला गुजरातेतल्या एका कंपनीत चांगलं काम मिळालं. बिऱ्हाड हलवायचं ठरलं. सांगायला तो स्वतः रामवाडीला आला. 

पुंडलिक म्हणाला, “गाडी घेतलीस म्हणे.”

“घेतली, जुनीच हाय. मामा, मी...”

“मागं पट्टे हायत?”

“हायत.”

“खुर्ची काढून देतो मग.”

“ऱ्हाऊ दे, मामा. तिथं नवी घेईन.”

“नवी कशाला? हिची पाठ बसलीय त्या खुर्चीला.” एवढंच. अडवलं नाही, रागावला नाही. हौसा वाट बघत होती, हा माणूस आता भांडेल, म्हणेल पोरगी देत नाय. तो कुठल्या तोंडानं म्हणणार होता? पोरगी सुखरूप पोचवायची, या अटीवरच तर त्याला ती मिळत होती.

त्या उन्हाळ्यात मालू गुजरातेला गेली, आणि पावसाळा सरायच्या आत पुंडलिकला काविळीनं नेलं. ती बातमी गुजरातेत फोनवरून कळली. मालूला रोह्याला सोडायला गेलेली ती फेरी शेवटची ठरली. त्यानंतर तो गाडीवर बसलाच नाही. आज अंगात कणकण आहे, उद्या बघू, असं करत राहून गेलं.

त्या फेरीलाही त्यानं नेहमीसारखं सगळं केलं. निघताना चाकांतली हवा बघितली. मालूला बसवली, पट्टे लावले, ओढून बघितले. वाटेत मालूनं नव्या घराला गच्ची आहे हे सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. रोह्याला पोचल्यावर तिला उतरवलं, खुर्ची सोडवली, फडक्यानं पुसली, खाचेतले शेंगदाण्याचे तुकडे काडीनं उकरून काढले, आणि जावयाच्या गाडीत नेऊन ठेवली. मग शांतीला हाक मारली. जनार्दन मधे आला तर त्याला म्हणाला, “तू सर. तू कामाला जाशील. हिला शिकवू दे.”

शांती वाकून उभी राहिली. पुंडलिक सांगत होता. “पट्टा आणि पोर यांच्या मधे बोटं घालून बघायची. दोन गेली पायजेत. तिसरं जाता कामा नये. थंडीत जाड स्वेटर असला तर आधी काढायचा, मग पट्टा. झोपली की मान डावीकडं टाकते. तिकडं काही खुपसू नकोस, घसरतं. उतरवून दे म्हणून रडेल. रडू दे.”

“व्हय, मामा.”

“कान उशीच्या वर दिसायला लागले की उशी वर करायची. मागून दाबायचं, इथं. अजून दोनदा चढते.” त्यानं दाबून दाखवलं नाही, नुसती जागा दाखवली. “ती दोनदा तू कर.”

शांतीनं त्याच्या देखत मालूला बसवलं, पट्टे लावले. त्यानं बोटं घालून बघितली. “बरोबर.” मालूला नव्या गाडीच्या काचा वर-खाली करायच्या होत्या. “आजा, बघ, बटण!” ती त्यात इतकी रमली की हौसानं घेतलेला मुका तिनं पुसूनही टाकला नाही, तिला कळलाच नाही. पोर हसत राहिली, ते एक बरं झालं.

हौसा व्हॅनमध्ये येऊन बसली. शेजारची जागा मोकळी, सीटवर खुर्चीचे चार वळ उमटलेले. तिला वाटलं, आता हा घरी जाऊ या म्हणेल. पुंडलिकनं गाडी बाजाराकडं वळवली.

“आता कुठं?”

“बायजाबाईला घ्यायचंय ना दवाखान्यातून. विठूला शब्द दिलाय.”

विठू रामवाडीचा शेजारी. त्याच्या आईचं रोह्याला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बायजाबाई दवाखान्याच्या दारात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, एका डोळ्यावर पट्टी. पुंडलिकनं तिला हाताला धरून मागं, हौसाच्या शेजारी, त्या मोकळ्या जागेवर बसवलं आणि पट्टा ओढला.

“मेल्या, मला कशाला बांधतोस? मी काय उडून जातेय?”

“बस गो आये. रीत हाय.”

“नात गेली म्हणे रे?”

“गेली.”

“कुठंशी?”

“गुजरातेत.”

“लांब हाय ते.”

“हाय खरं.”

नागोठण्याला म्हातारीचं तोंड कडू झालं, लिंबू-सोडा पाहिजे म्हणाली. पुंडलिक उतरला, घेऊन आला. एका डोळ्यानं तिला ग्लास नीट धरता येईना, म्हणून तिचं पिऊन होईपर्यंत खिडकीशी ग्लास धरून उभा राहिला. दुकानात ग्लास परत देऊन आला, दार ओढून बघितलं, आणि गाडी पेणेच्या रस्त्याला लावली. रामवाडीत तिला दारापर्यंत सोडलं. पिशवीतून थेंबांची बाटली काढून विठूच्या हातात दिली, कुठल्या डोळ्यात आणि केव्हा घालायचे ते सांगितलं, आणि विठूकडून एकदा म्हणवून घेतलं.